विमा नाकारला, पण वाचले किती?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, बाळाचा आहार किंवा तापाची काळजी अशा विषयांवर लिहावे, अशी साधारण अपेक्षा असते आणि आजवर मीही तेच करीत आलो आहे. यंदा मात्र विषय बदलण्याची अनुमती मी संपादकांकडे मागून घेतली. माझ्या दवाखान्यात लहानाची मोठी झालेली मुले आता उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली आहेत. जाण्यापूर्वी विद्यापीठाचा आरोग्यविषयक अर्ज भरून घेण्यासाठी ती आईवडिलांसह पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात. अर्जावर सही झाली की वडील हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, विद्यापीठाचा विमा फार महाग आहे. इथूनच स्वस्तात पॉलिसी काढून तो नाकारता येतो म्हणे. नाकारू का?"

या प्रश्नाला मी एकदा उत्तर दिले होते. ते उत्तर पुरते चुकले. हा लेख त्या चुकीतून जन्माला आला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

परदेशी शिक्षणाची परंपरा बडोद्याला नवी नाही. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती दरमहा ठरावीक रकमेची आणि तीन वर्षे मुदतीची होती. तिचा हिशेब कुणालाही समजावा इतका सरळ होता. आज विद्यापीठाकडून जे साहाय्यपत्र येते त्यात अनुदान, कर्ज, कामाचा मोबदला, शुल्कमाफी, विम्याचा वाटा अशी अनेक कलमे असतात आणि एक कलम हलवले की दुसरे आपोआप हलते. विमा नाकारण्याचा प्रश्न सुटा दिसतो, पण तो या साखळीतील एक कडी आहे. ती ओढली असता साखळीचे दुसरे टोक कुठे हलते, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वेव्हर म्हणजे काय?

अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची नोंदणी झाली की त्याच्या बिलात आरोग्यविम्याचा हप्ता आपोआप येऊन बसतो. ही रक्कम विद्यापीठागणिक बदलते. वर्षाला दोन हजार डॉलरपासून पाच हजार डॉलरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक हप्ता आढळतो. आपल्याकडे तितकाच चांगला दुसरा विमा असल्याचे विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह कळवले आणि विद्यापीठाने ते मान्य केले, तर हा हप्ता बिलातून वगळला जातो. यालाच वेव्हर म्हणतात. मुदत चुकली तर हप्ता भरावाच लागतो. मान्य झालेला वेव्हरही बहुधा एकाच शैक्षणिक वर्षापुरता असतो आणि पुढील वर्षी अर्ज पुन्हा करावा लागतो.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. बिलात अनेकदा 'हेल्थ फी' नावाची आणखी एक, तुलनेने लहान रक्कम असते. ती विद्यापीठाच्या आवारातील दवाखाना चालवण्यासाठी घेतली जाते आणि विमा नाकारला तरी ती बहुधा माफ होत नाही. त्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याचा उपचार होतो. रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च मात्र त्यातून निघत नाही. "हेल्थ फी भरली आहे, म्हणजे विमा झाला" असे समजणारे पालक मला भेटले आहेत. तो समज चुकीचा आहे.

नियमही सर्वत्र सारखे नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८९ पासून पूर्णवेळ आणि जवळजवळ पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी आरोग्यविमा बाळगणे कायद्याने आवश्यक आहे. जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांसाठी अमेरिकी सरकारने विम्याच्या किमान अटी ठरवून दिल्या आहेत: प्रत्येक आजारासाठी वा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण, आणि विमा लागू होण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाची रक्कम प्रत्येक वेळी पाचशे डॉलरपेक्षा अधिक नको. आपली बहुसंख्य मुले ज्या एफ-१ व्हिसावर जातात, त्यासाठी सरकारची अशी अट नाही. तेथे विद्यापीठाचा नियम हाच कायदा. काही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना वेव्हर देतच नाहीत.

साहाय्याचे गणित

आता आर्थिक साहाय्याकडे वळू. गरजेवर आधारित साहाय्य देताना अमेरिकी महाविद्यालये एक वजाबाकी करतात. विद्यार्थ्याचा वर्षाचा एकूण अंदाजित खर्च म्हणजे 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स'. यात शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च धरलेला असतो. या रकमेतून कुटुंबाची आर्थिक ताकद दर्शवणारा आकडा वजा करतात. अमेरिकी नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांच्यासाठी तो फॅफ्सा नावाच्या सरकारी अर्जावरून निघतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून त्याला 'स्टुडंट एड इंडेक्स' असे नाव आहे. वजाबाकीनंतर जे उरते ती विद्यार्थ्याची गरज. मिळणारे सर्व साहाय्य मिळून एकूण खर्चाच्या आकड्यापलीकडे जाऊ नये, असाही नियम आहे.

विम्याचा हप्ता या एकूण खर्चात धरला आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. हप्ता धरलेला असेल आणि तो नाकारला, तर एकूण खर्च तेवढ्याने उतरतो आणि त्याबरोबर गरजही उतरते. मग साहाय्य उतरते का? याचे उत्तर महाविद्यालयाच्या पद्धतीवर असते. समजण्यासाठी काल्पनिक पण सोपे आकडे घेऊ.

एका विद्यार्थिनीचा एकूण खर्च ६४,००० डॉलर आहे. त्यात विम्याचे ४,००० धरले आहेत. कुटुंबाचा आकडा २४,००० आहे. म्हणजे गरज ४०,००० डॉलर.

पहिला प्रकार. महाविद्यालय संपन्न आहे आणि गरज पूर्ण भागवते. ते ४०,००० डॉलर देते आणि कुटुंब २४,००० भरते. आता विमा नाकारला. एकूण खर्च ६०,००० झाला, गरज ३६,००० झाली आणि साहाय्यही ३६,००० वर आले. कुटुंबाचा भरणा पूर्वीइतकाच, २४,००० डॉलर. बिलातून ४,००० गेले खरे, पण ते महाविद्यालयाचे वाचले. काही ठिकाणी हप्त्यासाठी स्वतंत्र अनुदान मिळते आणि विमा नाकारताच ते रद्द होते. त्याचाही परिणाम हाच.

दुसरा प्रकार. महाविद्यालय गरज पूर्ण भागवत नाही. ४०,००० च्या गरजेपैकी ते २८,०००च देते. कुटुंबाला ३६,००० उभे करावे लागतात. विमा नाकारला की गरज ३६,००० होते, पण मिळणारे २८,००० त्याहून कमीच असल्यामुळे त्यांना सहसा धक्का लागत नाही. कुटुंबाचा भरणा ३२,००० वर येतो. येथे ४,००० डॉलर खरोखर वाचले.

तिसरा प्रकार. महाविद्यालयाने विमा एकूण खर्चात धरलेलाच नाही. कागदावर खर्च ६०,००० दिसतो आणि साहाय्यही त्यावरच बेतलेले असते. बिल आल्यावर मात्र वर ४,००० दिसतात. या प्रकारात विमा नाकारला तर साहाय्याला काहीच होत नाही आणि पूर्ण बचत कुटुंबाची होते. पण विमा खरोखर हवा असेल, तर साहाय्य कार्यालयाकडे अर्ज करून हप्ता एकूण खर्चात धरण्याची विनंती करता येते. ती मान्य झाली तर कुठे अनुदान वाढते, तर कुठे केवळ अधिक कर्ज घेण्याची मुभा मिळते. हा दुसरा मार्ग अनेकांना ठाऊकच नसतो.

पेल ग्रँट हे केंद्र सरकारचे अनुदान २०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर होते. ते मुख्यतः कुटुंबाच्या आकड्यावर ठरते, त्यामुळे हप्ता धरला वा वगळला तरी सहसा हलत नाही. हलतात ती महाविद्यालयाची स्वतःची अनुदाने आणि खर्चाच्या मर्यादेला टेकलेली कर्जे. म्हणून "विमा नाकारल्याने साहाय्य कमी होते का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एकच उत्तर देणारा मनुष्य चुकीचे उत्तर देतो, मग तो सल्लागार असो, की आधी गेलेला मित्र, की माझ्यासारखा डॉक्टर.

कर्जाविषयी एक सावधगिरीची गोष्ट. साहाय्याची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाल्यावर वेव्हर मंजूर झाला, तर बिल कमी होऊन खात्यात शिल्लक उरते आणि महाविद्यालय ती विद्यार्थ्याला परत देते. मुलाला वाटते, पैसे सुटले! पण त्या जमेत कर्ज असेल, तर हाती आलेले पैसे हे कर्जच होय. बहुतेक कर्जांवर व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. शिवाय एकूण खर्च उतरल्यामुळे साहाय्य मर्यादेबाहेर गेले, तर कार्यालय नंतर त्यातील काही भाग परत मागू शकते.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या अमेरिकी नागरिक मुलांसाठी आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. ग्रॅड प्लस या सरकारी योजनेत पूर्वी एकूण खर्चाच्या मर्यादेपर्यंत कर्ज काढता येत असे, त्यामुळे विम्याचा हप्ताही त्यात सामावत असे. २०२५ च्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ही योजना १ जुलै २०२६ पासून बंद ठरवली. वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलर अशी सरकारी कर्जाची मर्यादा त्या कायद्याने घातली. आपल्यापैकी ज्यांची नातवंडे तिकडे मेडिकलला जाणार आहेत, त्यांनी हप्त्याची तरतूद आधीच वेगळी करून ठेवणे शहाणपणाचे.

येथून जाणाऱ्यांचे गणित वेगळे

बडोद्याहून एफ-१ व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला फॅफ्सा आणि सरकारी साहाय्य लागू होत नाही. त्याला मिळते ते विद्यापीठाचेच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे परदेशी पदवी विद्यार्थ्यांचीही सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. अशा ठिकाणी वरचा पहिला प्रकार डोळ्यासमोर ठेवून चौकशी करावी. गुणवत्तेवर मिळणारी ठरावीक रकमेची शिष्यवृत्ती विमा नाकारल्याने बहुधा बदलत नाही.

पण एमएस वा पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलांचा खरा आधार असतो तो असिस्टंटशिपचा. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यापीठ शिक्षणशुल्क माफ करते, दरमहा विद्यावेतन देते आणि अनेक ठिकाणी विम्याच्या हप्त्याचा मोठा वाटा उचलते. हा वाटा फक्त विद्यापीठाच्या विम्यासाठीच असतो. विमा नाकारला म्हणून कुणी ती रक्कम रोख हातात देत नाही. येथे नाकारणे म्हणजे मिळणाऱ्या साहाय्यातील एक हिस्सा आपण होऊन सोडून देणे.

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

ज्या हाताने अर्ज भरला

हा मुलगा जन्मल्यापासून माझा रुग्ण. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात राहणारे कुटुंब, वडील शाळेत शिक्षक. तिसऱ्या वर्षी त्याला दमा जडला. शाळेची कित्येक वर्षे दर हिवाळ्यात, दर दिवाळीच्या धुरात तो माझ्याकडे येई. पुढे इनहेलर नियमित घेऊ लागल्यावर आजार इतका ताब्यात आला की कॉलेजात तो क्रिकेट खेळू लागला. एमएससाठी त्याला अमेरिकेच्या थंड प्रदेशातील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आरोग्याचा अर्ज घेऊन पितापुत्र माझ्याकडे आले. अर्जात मी प्रामाणिकपणे लिहिले, 'लहानपणापासून दमा, सध्या नियंत्रणात.' सही केली, शिक्का मारला.

मग वडिलांनी तो प्रश्न विचारला. विद्यापीठाचा हप्ता वर्षाला तीन हजार डॉलर होता. येथील पॉलिसी साडेचारशे डॉलरच्या आसपास मिळत होती. मुलगा माझ्यासमोर ठणठणीत बसला होता. वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढले होते, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "मास्तर, पोरगा आता घोड्यासारखा धडधाकट आहे. इथली पॉलिसी घ्या आणि पैसे वाचवा." पॉलिसीचा कागद मी पाहिला नाही. पाहण्याची गरज आहे, हे मला सुचलेही नाही.

पहिले वर्ष सुखरूप गेले. दुसऱ्या वर्षी त्याला प्राध्यापकांच्या हाताखाली असिस्टंटशिप मिळाली. घरात पेढे वाटले गेले. विद्यापीठाकडून आलेल्या पत्रात शुल्कमाफी आणि विद्यावेतन यांच्याखाली एक ओळ होती: विम्याच्या हप्त्याचे ऐंशी टक्के विभाग भरेल. म्हणजे तीन हजारांपैकी चोवीसशे डॉलर विभागाचे आणि सहाशे त्याचे. पण विमा आधीच्या वर्षी नाकारला होता, तसाच यंदाही नाकारायचा, असे घरात ठरून गेले होते. त्या विद्यापीठाच्या कसोट्याही सैल होत्या. पॉलिसीचा क्रमांक आणि रक्कम भरली की वेव्हर मंजूर होई. त्याने अर्ज पुन्हा भरला. येथील पॉलिसीला साडेचारशे डॉलर लागले. सहाशेच्या जागी साडेचारशे, म्हणजे बचत दीडशे डॉलरची! आणि त्या दीडशेसाठी चोवीसशे डॉलरचे साहाय्य सोडले गेले. साहाय्य बदलले होते, निर्णय मात्र जुनाच राहिला.

त्या जानेवारीत त्याला दम्याचा तीव्र झटका आला. खोलीतील मित्रांनी रुग्णवाहिका बोलावली. एक रात्र अतिदक्षता विभागात आणि दोन रात्री वॉर्डात काढून तो बरा झाला. प्राण वाचले, यापुढे बाकी सारे दुय्यम, हे खरे. पण महिन्याभरात बिले येऊ लागली आणि त्यांची बेरीज अठरा हजार डॉलरांवर गेली. विमा कंपनीने जुने कागद मागवले. त्या कागदांत माझ्या हस्ताक्षरातील ती ओळ होती: 'लहानपणापासून दमा.' पॉलिसीत पूर्वीपासूनच्या आजारांना संरक्षण नव्हते. केवळ जीवघेण्या प्रसंगी एक लहानशी रक्कम मिळण्याची सोय होती. तेवढीच मिळाली. ज्या हाताने मी आजार लिहिला, त्याच हाताने त्या आजाराचे संरक्षण सोडण्याचा सल्ला दिला होता.

मास्तर माझ्याकडे आले तेव्हा ते रागावलेले नव्हते. ते केवळ बिलांचे कागद समजावून घ्यायला आले होते. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पुढे एक मार्ग सापडला आणि तो येथे नोंदवणे आवश्यक आहे. अमेरिकेत करमुक्त असणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी गरजू रुग्णांसाठी बिलात सवलत देण्याचे लेखी धोरण ठेवले पाहिजे, अशी अट २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने घातली. मुलाने विद्यावेतनाचे कागद जोडून रुग्णालयाकडे तसा अर्ज केला. बिलाचा बराच मोठा भाग माफ झाला आणि उरलेला त्याने हप्त्याहप्त्याने फेडला. बिल थकले म्हणून घाबरून गप्प बसणारी मुले असतात. त्यांना हा मार्ग कुणीतरी सांगायला हवा.

विम्याचा कागद डॉक्टरच्या नजरेतून

तेव्हापासून मी पॉलिसीचे कागद वाचायला शिकलो. डॉक्टर म्हणून त्यात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पूर्वीपासूनचा आजार. दमा, टाइप-१ मधुमेह, अपस्मार, जन्मजात हृदयविकार, थायरॉइड यांपैकी काही असेल, तर त्याला संरक्षण आहे का? दुसरी, मानसिक आजार. नैराश्य, चिंताविकार आणि याहून गंभीर विकार यांची सुरुवात पुष्कळदा याच वयात होते, आणि घरापासून दूर एकट्या राहणाऱ्या मुलाला त्याची गरज अधिक. तिसरी, पैसे देण्याची रीत. कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देते, की आधी आपण भरून मागाहून मागायचे? चौथी, वजावट आणि मर्यादा. आपण आधी किती सोसायचे, आणि कंपनी जास्तीत जास्त किती देणार?

तेथेच जन्मलेल्या किंवा स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या मुलांचा प्रश्न थोडा निराळा असतो. २०१० च्या त्याच कायद्याने मुलांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येते. त्यामुळे विमा नाकारण्याचे त्यांच्याजवळ सबळ कारण असते. परंतु न्यू जर्सीत घेतलेल्या विम्याचे डॉक्टर आणि रुग्णालये न्यू जर्सीतच असतील आणि मुलगी कॅलिफोर्नियात शिकत असेल, तर तिला तेथे केवळ तातडीच्या उपचाराचा आधार मिळण्याचा संभव असतो. गरीब कुटुंबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेचेही तसेच. ती राज्यागणिक चालते आणि दुसऱ्या राज्यात सहसा तातडीच्या प्रसंगापुरतीच उपयोगी पडते. नाव विम्याचेच, पण मुलगी शिकते त्या गावी तो चालला पाहिजे.

साहाय्य कार्यालयाला विचारायचे प्रश्न

आता माझ्याकडे पालक येतात तेव्हा मी उत्तर देत नाही. एका कागदावर पुढील प्रश्न लिहून देतो आणि मुलाने विद्यापीठाच्या साहाय्य कार्यालयाला ते लेखी विचारावेत, असे सांगतो.

१. माझ्या एकूण अंदाजित खर्चात विम्याचा हप्ता धरला आहे का?

२. मी विमा नाकारला तर माझ्या साहाय्यातील नेमके कोणते कलम किती कमी होईल? अनुदान, कर्ज की काहीच नाही?

३. विमा ठेवायचा असेल तर हप्त्यासाठी वेगळे अनुदान आहे का, किंवा तो एकूण खर्चात धरता येईल का?

४. असिस्टंटशिप मिळाल्यास विभाग हप्त्याचा किती वाटा उचलतो?

५. वेव्हरची अखेरची तारीख कोणती, आणि दुसऱ्या विम्यासाठी विद्यापीठाच्या अटी कोणत्या?

उत्तरे आली की एकच वजाबाकी करावी. विमा ठेवला तर आपल्या खिशातून जाणारी रक्कम आणि नाकारला तर जाणारी रक्कम, दुसऱ्या पॉलिसीच्या हप्त्यासह. हप्ता पूर्ण तीन हजारांचा आहे म्हणून बचतही तीन हजारांचीच, असे नव्हे. खरी बचत समजली की मग डॉक्टरला विचारावे, "एवढ्या रकमेसाठी हा धोका घ्यावा का?" तोवर डॉक्टरच्या मताला अर्थ नसतो. आणि हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा, कारण साहाय्य, विमा आणि मुलाची प्रकृती यांपैकी एकही गोष्ट वर्षभर स्थिर राहीलच असे नाही.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी बँकेलाही विचारावे. आपल्याकडील शैक्षणिक कर्जात विद्यार्थ्याच्या विम्याचा हप्ता धरता येतो. केवळ रोकड नाही म्हणून विमा सोडण्याची वेळ पुष्कळदा टाळता येते.

विमा कधीच नाकारू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मुलगा निरोगी असेल, दुसरा विमा त्या गावी भक्कम असेल आणि बचत खरोखर कुटुंबाची होत असेल, तर अवश्य नाकारावा. शिक्षकाच्या घरातील दोन-अडीच हजार डॉलर ही लहान रक्कम नव्हे. त्या पहिल्या वर्षी मास्तरांनी पैशांचा विचार केला, हे चूक नव्हते. हिशेब न मांडता आणि कागद न वाचता मी मान डोलावली, ही चूक होती.

सहव्यावसायिक मित्रांना एक विनंती करून लेख संपवतो. आपल्यापैकी प्रत्येकाकडे असे अर्ज येतात. लसीकरणाच्या तारखा भरून, शिक्का मारून आपण दोन मिनिटांत ते परत देतो. यापुढे सही करण्यापूर्वी त्याच मुलाला विम्याचा आणि साहाय्याचा कागदही दाखवायला सांगा. आपण लिहीत असलेला आजार त्या विम्यात बसतो का, एवढे पाहायला आणखी पाच मिनिटे लागतात.

तो मुलगा आता नोकरीत स्थिर झाला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता, तेव्हा दवाखान्यातही येऊन गेला. त्याच्या धाकट्या बहिणीला प्रवेश मिळाला होता आणि तिचा अर्ज घेऊन तो आला होता. मी लेखणी उचलली, तेवढ्यात त्याने पिशवीतून दुसरा कागद काढला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, आधी हा विम्याचा वाचू या. सही नंतर करा."